ॲटम आणि आर्काइव्हमॅटिका: जुन्या दप्तराला घेण्यासारखी आहेत का?

आधीच सांगून टाकते, ही दोन वेगळी सॉफ्टवेअरं आहेत आणि लोक कायम त्यांची सरमिसळ करतात. ॲटम आहे सूची करायला, म्हणजे आपल्याकडे कुठले कागद आहेत, कुणाचे, कधीचे, कुठल्या कपाटात, हे रीतसर नोंदवायचं आणि बाहेरच्या माणसाला ऑनलाइन शोधू द्यायचं. आर्काइव्हमॅटिका आहे डिजिटल फायली टिकवायला, स्कॅन असो, ऑडिओ असो, कुणाच्या तरी जुन्या कॉम्प्युटरवरचा मजकूर असो, वीस वर्षांनी तो उघडला पाहिजे याची तजवीज. दोन्ही कॅनडातल्या आर्टिफॅक्च्युअल सिस्टिम्स या कंपनीची, दोन्ही ओपन सोर्स, लायसन्सचा एक रुपया नाही. ॲटमचं मूळ आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या प्रकल्पात आहे, २००८ मध्ये क्वालालंपूरच्या अधिवेशनात त्याची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आली. आज वर्ल्ड बँकेचं आणि युनेस्कोचं अभिलेखागार ॲटमवर आहे, आणि आर्काइव्हमॅटिका सुरुवातीला घडत गेलं ते व्हँकुव्हर शहराच्या अभिलेखागारात. म्हणजे कुणा हौशी पोराने सुट्टीत केलेलं काम नाही हे.

आमचं काय, एक जुनं वाचनालय, त्याच्याकडे देणगीत आलेले मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे), संस्थेची प्रोसिडिंग बुकं, जमाखर्चाच्या वह्या, फोटो, आणि दिवाळी अंकाच्या सीडीज. आधी सगळं एका एक्सेल शीटवर चाललं होतं, आणि ज्यांनी ती शीट केली ते निवृत्त झाल्यावर रकान्यांचा अर्थ सांगायला कोणी उरलं नाही.

ॲटमबद्दल जास्त बोलते, कारण बहुतेक संस्थांना गरज त्याचीच आहे.

यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे वर्णन पातळ्यांनी होतं. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पुस्तक एक नोंद, विषय संपला. दप्तराचं तसं नसतं ना, कागद पुडक्यात, पुडकं रुमालात, रुमाल दप्तरात, आणि दप्तर कुणाच्या तरी घराण्याचं किंवा कचेरीचं, आणि कागद त्या जागेवरून उचलला की त्याचा निम्मा अर्थ गेला. ॲटममध्ये ही उतरंड जशीच्या तशी मांडता येते. मूळ पातळ्यांची नावं परदेशी पद्धतीची आहेत, पण टॅक्सॉनॉमीमध्ये, म्हणजे ठरावीक शब्दांच्या याद्यांमध्ये, जाऊन 'दप्तर', 'रुमाल', 'पुडके' अशा पातळ्या आपण स्वतः जोडू शकतो, प्रोग्रामर लागत नाही. मग डावीकडे झाडासारखी रचना दिसते आणि वापरणाऱ्याला कळतं की हा कागद एकटा नाही, याच्या आगेमागे अजून काय काय आहे.

नोंदीचा साचा इसाड-जी या आंतरराष्ट्रीय मानकाचा. त्यात २६ घटक आहेत आणि फॉर्म उघडला की नवीन माणूस घाबरतो, साहजिक आहे. पण अत्यावश्यक फक्त ६ आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, किती आहे ते आणि पातळी. एवढे भरा आणि पुढे चला. त्याच मानकात अजून एक शहाणपणाचा नियम आहे, वरच्या पातळीवर जे सांगितलं ते खाली परत लिहायचं नाही. घराण्याचा इतिहास एकदा वर लिहिला की झालं, प्रत्येक कागदाला तोच परिच्छेद चिकटवत बसायचं नाही. आमच्या स्वयंसेवकांना हे पटवायला फार वेळ लागला, प्रत्येकाला वाटायचं रकाना रिकामा दिसला तर आपण कामचुकार ठरू.

तारखांची सोय बघून तर मी खूशच झाले. दिसायची तारीख वेगळी आणि यंत्राला कळायची तारीख वेगळी अशा दोन जागा आहेत. म्हणजे दिसायला 'शके १६९५ विजयनाम संवत्सरे मार्गशीर्ष' असं कागदावर आहे तसंच ठेवायचं, आणि शेजारच्या रकान्यांत सुरुवात-शेवट इसवी सनात, १७७३. शोध आणि क्रम दुसऱ्यावर चालतो, अभ्यासकाला पहिलं दिसतं. जंत्री उघडून बसायचं काम मात्र तुमचंच, ते सॉफ्टवेअर करत नाही.

व्यक्ती, घराणी आणि संस्था यांच्या वेगळ्या नोंदी होतात हेही मोठं काम आहे. भोरचे शंकराजी नारायण घ्या, कागदात कधी नुसते 'शंकराजी नारायण', कधी 'सचिव', पुढच्या पिढ्या 'पंतसचिव', 'भोरकर'. एक अधिकृत नाव ठरवायचं, बाकीची 'इतर नावे' म्हणून जोडायची, वडील-मुलगा नातं जोडायचं, घराण्याची नोंद वेगळी, आणि मग कागद त्या त्या माणसाला लावायचे.

आता दुखणी. मराठीत शोध ही सगळ्यात मोठी अडचण. ॲटमच्या पोटात इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र आहे, त्यात हिंदीसह बऱ्याच भाषांसाठी शब्दाचं मूळ ओळखायची सोय आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे 'सनद' शोधलं की 'सनदेची' आणि 'सनदा' येत नाहीत, आणि आपली भाषा तर प्रत्यय लावल्याशिवाय बोलतच नाही. शेवटी तारा टाकून 'सनद*' असं शोधावं लागतं, त्याने बरंच काम भागतं, पण 'पुणे' आणि 'पुण्यास' तिथेही जुळत नाहीत. आम्ही यावर उपाय असा केला की वर्णनात मोकळं लिहायचं पण गावांची नावं प्रत्यय न लावता स्थळांच्या यादीतून जोडायची. हे पहिल्यापासून करा, नंतर करायला घेतलं की डोक्याला ताप.

दुसरं म्हणजे लिंक. मूळ सेटिंगवर देवनागरी शीर्षकावरून पानाचा पत्ता बनत नाही, काहीतरी निरर्थक रोमन अक्षरं येतात आणि मग कोणी लेखाच्या तळटीपेत तो पत्ता द्यायचा म्हटलं की अवघड. सेटिंगमध्ये पत्ता शीर्षकाऐवजी संदर्भ क्रमांकावरून बनवायचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी निवडा, डेटा आत टाकण्यापूर्वी.

तिसरं, एका नोंदीला एकच डिजिटल फाइल जोडता येते. चार पानी पत्राचे चार फोटो असतील तर एक पीडीएफ करा नाहीतर खाली चार पोटनोंदी करा. याबद्दल जगभर लोक कुरकुरतात आणि मीही कुरकुरते. शिवाय पीडीएफमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर तो शोधात येतो, मोडीच्या स्कॅनमधून अर्थातच काही येत नाही, तिथे वर्णन हाताने लिहिण्याला पर्याय नाही.

एक्सेलमधून डेटा आणणार असाल तर जरा थांबा. सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्येच हवी, एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, लिबरऑफिस वापरा आणि सेव्ह करताना एन्कोडिंग बघा. भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड टाका. आणि ओळींचा क्रम महत्त्वाचा, आधी दप्तराची ओळ, मग रुमालाची, मग पुडक्याची. लेकराची ओळ आईच्या वर गेली की ते लेकरू पोरकं होऊन भलतीकडे जाऊन बसतं. आणि यादी श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटात टाइप केली असेल तर आधी युनिकोड करून घ्या, आणि कन्व्हर्टरने केलेलं डोळ्यांनी तपासा, जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे जातात.

स्वयंसेवकांकडून काम करून घ्यायला मात्र हे झकास आहे. त्यांना योगदात्याचे अधिकार द्यायचे, ते मसुदा लिहितात पण प्रसिद्ध करू शकत नाहीत, ते बटण संपादकाकडे. त्यामुळे कोणी 'शके'ला 'सन' समजून बसलं तरी ते जगाला दिसायच्या आत पकडता येतं.

आता आर्काइव्हमॅटिका. हे म्हणजे जुन्या कचेरीतला खमक्या हेडक्लार्क, प्रत्येक कागदावर शिक्का मारल्याशिवाय पुढे सोडणार नाही. तुम्ही फोल्डर द्यायचा, ते प्रत्येक फाइलचा चेकसम काढतं (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा), व्हायरस बघतं, ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या प्रोनॉम यादीवरून फॉरमॅट ओळखतं, टिकाऊ फॉरमॅटमध्ये जादा प्रत करतं आणि हे सगळं केव्हा, कुठल्या साधनाने केलं याची नोंद एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुरात, ठेवून सगळ्याचं एक गाठोडं बांधतं. पडद्यावर एकेक पायरी हिरवी होत जाते, तुमचा निर्णय हवा असेल तिथे नारिंगी होऊन थांबते. पहिल्यांदा बघायला मजा येते, नंतर दर वेळी तेच पर्याय निवडायचा कंटाळा येतो, मग ते निर्णय आधीच सेटिंगमध्ये भरून टाकायचे.

मूळ फाइलला ते हात लावत नाही, ती तशीच राहते, ही जमेची बाजू. पण फाइलचं नाव बदलतं! देवनागरी नावाचं रोमन करतं आणि तेही मधले सगळे 'अ' गाळून, 'जमाखर्च'चं जे काही होतं ते वाचून कुणाच्या बापाला कळणार नाही. जुनं नाव एक्सएमएलमध्ये नोंदलेलं असतं, म्हणजे हरवत नाही, पण फोल्डर उघडून बघणाऱ्याला धक्का बसतो. आम्ही आता स्कॅनिंगच्या वेळीच दप्तर-रुमाल-पुडके-पान असे नुसते आकडे नावात देतो.

जागेचं गणित आधी करा. मूळ नियमांप्रमाणे जेपीजीची टिफ प्रत होते आणि ती कित्येक पट मोठी. स्कॅनिंग करणाऱ्या व्हेंडरने मुळातच दाबून बारीक केलेला जेपीजी दिला असेल तर त्याची भलीमोठी टिफ करून काय मिळवलं? गेलेला तपशील काही परत येत नाही, हार्ड डिस्क तेवढी भरते. हा नियम प्रिझर्व्हेशन प्लॅनिंगमध्ये जाऊन बंद करता येतो, आणि जेपीजीपुरता तो बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी पुढच्या वेळी व्हेंडरकडून टिफच मागा, सोबत चेकसमची फाइलही मागा. ती मेटाडेटा फोल्डरमध्ये ठेवली की आर्काइव्हमॅटिका स्वतः पडताळून सांगतं की दुकानापासून तुमच्यापर्यंत येताना एखादी फाइल बिघडली का. आम्ही हे मागितल्यावर एका व्हेंडरने आम्हाला विचारलं होतं, मॅडम, हे कशाला हवंय, पीडीएफ उघडतंय ना? उघडतंय हो, आज उघडतंय.

दिवाळी अंकाच्या सीडीजपाशी घोडं अडलं. फायली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, आतला मजकूर जुन्या फाँटातला. फॉरमॅट ओळखला जातो, पण त्याचं टिकाऊ रूपांतर करायचा काही मार्ग आर्काइव्हमॅटिकात नाही, फाइल जशी आहे तशी गाठोड्यात जाते. त्यात त्याचा दोष नाही, जगात कोणाकडेच याचं सरळ उत्तर नाही. मग त्याच फोल्डरमध्ये फाँटच्या फायली ठेवल्या आणि जुन्या मशीनवर उघडून काढलेली पीडीएफही ठेवली. मराठी प्रकाशनांची एका अख्ख्या पिढीची कामं असल्याच सीडीजवर पडून आहेत, ज्याच्याकडे चालू पेजमेकर असेल त्याने आत्ताच काढून घ्या.

दोन गैरसमज. एक, हे बॅकअप नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवायची सोय आर्काइव्हमॅटिकाच्या स्टोरेज सर्व्हिस या भागात आहे, पण ती तुम्ही लावली तर. दोन, चेकसम एकदा काढला म्हणजे तो दर महिन्याला आपोआप तपासला जात नाही, त्यासाठी फिक्सिटी नावाचं वेगळं साधन आहे आणि ते वेळापत्रकावर लावावं लागतं.

इन्स्टॉलेशनचं थोडक्यात सांगते: उबुंटूवर कमांड लाइन येणारा माणूस पाहिजेच. ॲटमसाठी शिफारस साधारण २ प्रोसेसर आणि ७ जीबी रॅमची आहे, आर्काइव्हमॅटिका त्याहून खादाड. कागदपत्रं इंग्रजीत आहेत पण फार नीट लिहिलेली, पायरी चुकवली नाही तर लागतं. ॲटमचा पाया मात्र सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या पहिल्या पिढीवर आहे, जिचा अधिकृत सपोर्ट २०१२ मध्येच संपला. ॲटमवाल्यांनीच तो कोड सांभाळत आणलाय, तरी नवीन पीएचपी डेव्हलपरला दाखवलं की तो नाक मुरडतो.

माझे मार्क, ॲटमला ५ पैकी ४, मराठी शोधाचा एक कापला. आर्काइव्हमॅटिकाला ३, आणि त्यातले गेलेले २ त्याचे कमी, आमच्यासारख्या लहान संस्थांच्या तब्येतीचे जास्त. स्कॅनिंग अजून सुरूच व्हायचं असेल तर नुसतं ॲटम घ्या, रुमालांची वरच्या पातळीची सूची आधी करा, एकेक कागद मग. सर्व्हरकडे लक्ष द्यायला पगारी माणूस नसेल तर आर्काइव्हमॅटिकाच्या वाटेला जाऊ नका, चेकसम काढून दोन-तीन ठिकाणी नीट प्रती ठेवा, तेवढंही पुष्कळ झालं.

आणि संस्थेच्या मीटिंगमध्ये कोणी विचारेलच की उद्या ही कंपनी बंद पडली तर. आमच्या खजिनदारांनी विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त आहे, कारण याआधी एका विकतच्या पॅकेजमधून डेटा बाहेर काढायला आम्हाला परत पैसे मोजावे लागले होते. ॲटममधून सगळ्या नोंदी सीएसव्ही आणि ईएडी (अभिलेखागारांच्या सूचीचं मानक) एक्सएमएलमध्ये फुकट बाहेर येतात. आर्काइव्हमॅटिकाची गाठोडी बॅगइट या फायली बांधायच्या खुल्या पद्धतीची असतात, सेव्हन-झिपने उघडली की साधे फोल्डर, मूळ फायली आणि वाचता येणारी एक्सएमएल, सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं. फक्त ती डिस्कवर लांबलचक आयडीच्या चार-चार अक्षरांचे तुकडे केलेल्या फोल्डरांत पडलेली असतात, त्यामुळे कुठला आयडी कुठल्या रुमालाचा ही यादी छापून कपाटात ठेवलीये, एक प्रत खजिनदारांकडेही दिलीये.