मार्गदर्शकासह जपान : परतल्यानंतर काही महिन्यांनी

गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही उभयतांनी पुण्यातील एका प्रवासी कंपनीच्या गटाबरोबर जपानची सांस्कृतिक सहल केली. परतल्यावर लगेच भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रात आम्ही सढळ हाताने गुण दिले होते. सहलीहून नुकताच परतलेला माणूस तसा उदारच असतो. आता पावसाळा तोंडावर आला आहे, छायाचित्रे दाखवून झाली आहेत, आणि त्या प्रवासातले काय मनात राहिले व काय पुसले गेले हे पुरेसे स्पष्ट झाले आहे.

राहिले ते मुख्यतः नारा आणि कोयासान. या दोन्ही ठिकाणी आम्हाला मिळालेल्या जपानी मार्गदर्शिका विषय जाणणाऱ्या होत्या. नारा येथील तोदाइजी मंदिरात सुमारे १५ मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आहे, हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. परंतु ७५२ साली या मूर्तीचे नेत्रोन्मीलन, म्हणजे डोळे उघडण्याचा प्रतिष्ठाविधी, बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले, आणि आज आपण पाहतो ती प्रचंड लाकडी इमारत १७०९ मधील असून मूळ वास्तू तिच्याहून बरीच रुंद होती, हे बाईंनी मूर्तीसमोर उभे करून, घाई न करता सांगितले. त्याच दिवशी होर्युजी हे मंदिर पाहिले. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती येथे उभ्या आहेत. तेथील मुख्य सभागृहातील भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. ती चित्रे १९४९ च्या आगीत होरपळली, आणि आज सभागृहात दिसतात त्या प्रतिकृती आहेत. त्या आगीमुळेच पुढच्या वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. अजिंठा अनेकदा पाहिलेल्या आमच्या गटाला ही माहिती ऐकताना जी शांतता लाभली, ती बाकीच्या सहलीत क्वचितच लाभली.

कोयासान हे कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी यांनी ८१६ साली डोंगरावर वसवलेले शिंगोन या बौद्ध पंथाचे केंद्र. येथे आम्ही मंदिरातच मुक्काम केला. पहाटेचा विधी, मांसमच्छीविरहित शोजिन जेवण आणि हाडे गोठवणारी थंडी, तिन्ही अस्सल होते. ओकुनोइनच्या स्मशानभूमीत दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. त्यांतील अनेकांचा आकार पंचमहाभूतांच्या पाच टप्प्यांचा असून त्यांवर सिद्धम् या प्राचीन भारतीय लिपीत अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे कोरलेली आहेत. मार्गदर्शिकेने ती एकदा दाखवल्यावर पुढच्या वाटेवर आमच्यापैकी प्रत्येक जण ती स्वतः शोधू लागला. मार्गदर्शकासाठी मोजलेले पैसे येथे वसूल झाले असे मी मानतो.

क्योतोबद्दल असे म्हणता येत नाही. किंकाकुजी, र्योआंजी, कियोमिझु आणि फुशिमी इनारी ही चार देवस्थाने एकाच दिवसात उरकण्यात आले. र्योआंजीच्या वाळूच्या बागेत १५ दगड असून कोठूनही पाहिले तरी एखादा दडलेलाच राहतो, अशी तिची रचना आहे. ती अनुभवण्यासाठी निवांतपणा हवा, आणि आम्हाला मिळाली जेमतेम चहाला लागतील तेवढी मिनिटे. किंकाकुजीचे सोनेरी दालन १९५० मध्ये जाळले गेले आणि १९५५ मध्ये पुन्हा बांधले गेले, हे येथील मार्गदर्शकाने सांगितलेच नाही. छायाचित्र कोठून चांगले येते एवढे मात्र आवर्जून सांगितले. चहाविधीच्या नावाखाली घडले ते किमोनो चढवून घेतलेले एक सामूहिक छायाचित्रसत्र होते, आणि त्याचे पैसेही वेगळे होते.

मोकळ्या दुपारी आम्ही दोघेच क्योतोतील सान्जुसान्गेन्दो मंदिरात गेलो. कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्तींच्या रांगांपुढे २८ रक्षक देवता आहेत. त्यांत इंद्र आणि ब्रह्मा आहेत, बासरी वाजवणारा गरुडही आहे. नाराच्या बाईंचे बोलणे कानात ताजे होते म्हणून आम्ही तेथे रेंगाळलो. एरवी लांबलचक दालनातून चालत बाहेर पडलो असतो. हे स्थळ मूळ कार्यक्रमात का नव्हते, याचे समाधानकारक उत्तर कंपनीकडून मिळाले नाही.

एक तक्रार खास पुणेकराची. हिरोशिमाला जाताना शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे ओकायामाला थांबते. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर साकारले आहे, ती बाग याच शहरात आहे. गटातील निम्मे लोक त्या उद्यानात सकाळी फिरायला जाणारे असूनही आम्ही ती न पाहताच पुढे गेलो.

जेवणाची व्यवस्था चोख होती, पण जवळजवळ रोज दुपारी भारतीय उपाहारगृह गाठण्याच्या हट्टापायी प्रवासात बराच वेळ गेला. शाकाहारी मंडळींची अडचण खरी आहे, कारण साध्या दिसणाऱ्या सुपातही सुक्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. तरीही आठवड्यातून दोन-तीनदा शोजिन भोजन ठरवणे कंपनीला अशक्य नव्हते. सामानाची सोय मात्र उत्तम होती. मोठ्या बॅगा कुरियरने पुढच्या हॉटेलवर जात असत, त्यामुळे कोयासानच्या केबल कारमध्ये हातात फक्त रात्रीपुरती पिशवी होती.

दराबाबत सांगायचे तर, सहल महागच आहे. परंतु ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा जपान रेल पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेल्यामुळे स्वतंत्रपणे फिरणेही पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. ज्यांना भाषेची धास्ती आहे किंवा ज्येष्ठांना सोबत न्यायचे आहे, त्यांनी अशीच सहल घ्यावी. नोंदणीपूर्वी प्रत्येक शहरातील मार्गदर्शक राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण परवानाधारक आहे का, हे लेखी विचारावे, कारण २०१८ पासून जपानमध्ये परवाना नसलेल्यांनाही हे काम मोबदला घेऊन करता येते. क्योतोसाठी किमान तीन पूर्ण दिवस नसतील, तर दुसरा कार्यक्रम पाहावा. आम्ही पुढच्या वेळी तोक्यो वगळून फक्त कान्साईची, म्हणजे क्योतो-नारा परिसराची, सहल घेणार आहोत, आणि तेथून ओकायामालाही जाणार आहोत.