लायपोसक्शन की फॅट फ्रीझिंग? आधी चिमटीत धरून बघा

पोटाची चरबी चिमटीत येत नसेल, पोट नुसतंच टणक पुढे आलं असेल, तर दोन्हीवर पैसे घालवू नका. ती चरबी आतड्यांभोवतीची. तिथे ना लायपोसक्शनची चरबी ओढून काढणारी नळी पोचते ना फॅट फ्रीझिंगचा थंडावा.

चिमटीत येणारा छोटा उंचवटा असेल तर क्रायोलिपोलिसिस, म्हणजेच फॅट फ्रीझिंग, ठीक. जेल पॅड लावून यंत्राचा कप कातडी आत ओढतो आणि 35 ते 60 मिनिटं गोठवतो. कप काढल्यावर तो भाग लोण्याच्या वडीसारखा घट्ट दिसतो. तो लगेच चोळायचा असतो. त्या जागचा थर साधारण 20-25 टक्के उतरतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. क्वचित उलटंच होतं: चरबी कपाच्या आकारात वाढून घट्ट होते आणि मग बहुधा शस्त्रक्रियाच लागते. हा धोका आधी न सांगणारं क्लिनिक सरळ टाळा. थंडीने रक्तातली प्रथिनं गोठण्याचा आजार असणाऱ्यांनी तर हे करूच नये.

जास्त चरबी एकदाच काढायची तर लायपोसक्शन सरस. मात्र काही आठवडे प्रेशर गारमेंट (त्या भागावर दाब देणारा घट्ट कपडा) घालावंच लागतं. कंटाळा केला की सूज रेंगाळते, पाणी साठू शकतं. सैल कातडी मात्र दोन्हीनंतर लोंबतेच.