जेवण घरी मागवल्यावर टिप किती द्यावी? टक्के, ठरावीक रक्कम, अ‍ॅप आणि रोख यांची तुलना

पैसे भरायच्या पानावर २०, ३०, ५० असे चौकोन दिसतात आणि बोट तिथेच थबकतं. वीस कमी वाटतात, पन्नास दरवेळी परवडत नाहीत, आणि काहीच न देता पुढे गेलं की दार उघडताना मन खातं. आपल्याकडे याचा ठरलेला रिवाज नाही, त्यामुळे प्रत्येक घर आपापल्या अंदाजाने चालतं. ज्यांना एकदाच नीट ठरवून टाकायचं आहे, त्यांच्यासाठी इथे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आहेत. माझं मत आधीच सांगते: बिल किती झालं यापेक्षा ते पार्सल दारापर्यंत आणायला काय पडलं, हे पाहून टिप ठरवावी.

बिलाचे टक्के की ठरावीक रक्कम?

हॉटेलात बसून जेवलो की पाच-दहा टक्के ठेवायची आपली सवय. तिथे ते बरोबरही आहे. बिल मोठं म्हणजे माणसं जास्त, पदार्थ जास्त, वेटरच्या खेपा जास्त. घरपोच जेवणात मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

दोन ऑर्डरी घ्या. पहिली दोन मिसळ आणि ताकाची, बिल २४० रुपये. हॉटेल सहा किलोमीटरवर, रविवारची सकाळ, काउंटरवर झुंबड, रायडर वीस मिनिटं ताटकळलेला. वर तुमची इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि घर चौथ्या मजल्यावर. दुसरी ऑर्डर पाहुण्यांसाठी मागवलेल्या बिर्याणी-कबाबची, बिल १,८०० रुपये. हॉटेल दीड किलोमीटरवर, पार्सल बांधून तयार, इमारतीला लिफ्ट. दहा टक्क्यांचा नियम लावला तर मिसळवाल्या फेरीला २४ रुपये आणि बिर्याणीवाल्या फेरीला १८० रुपये. घाम कुणाचा जास्त गेला, हे वेगळं सांगायला नको. पनीरऐवजी मटण मागवलं म्हणून पिशवी जड होत नाही आणि रस्ताही लांबत नाही.

म्हणून ठरावीक रकमेची पद्धत मला जास्त न्याय्य वाटते: एक मूळ आकडा धरायचा आणि त्यात अंतर, मजला, पाऊस, वेळ यांची भर घालायची. टक्क्यांचा विचार करावा तो फक्त खरोखर मोठ्या ऑर्डरीला, म्हणजे बारशाला किंवा ऑफिसच्या पार्टीला चार-पाच पिशव्या येतात तेव्हा. तिथेही मोजायच्या त्या पिशव्या आणि खेपा.

वीस रुपयांना काय मोल आहे?

वीस रुपयांत हल्ली काय येतं, असं आपण म्हणतो. देणाऱ्याच्या बाजूने ते खरं आहे. घेणाऱ्याच्या बाजूने हिशेब वेगळा निघतो.

झोमॅटोचे तेव्हाचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये काही आकडे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार २०२५ मध्ये रायडरची सरासरी कमाई टिप सोडून तासाला १०२ रुपये होती आणि त्यातले साधारण २० टक्के पेट्रोल आणि गाडीच्या देखभालीत जातात. म्हणजे हातात उरतात ऐंशीच्या आसपास. त्याच हिशेबात टिपची सरासरी होती तासाला २ रुपये ६० पैसे, कारण शंभरातल्या जेमतेम पाच ऑर्डरींवर टिप पडत होती. हे आकडे कंपनीचे आहेत आणि रोख दिलेली टिप कंपनीला दिसत नाही, हे लक्षात ठेवूनही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तुम्ही दिलेले २० रुपये म्हणजे त्या माणसाच्या तासाभराच्या निव्वळ कमाईचा जवळपास पाव भाग. ज्या रकमेची आपल्याला देताना लाज वाटते, ती त्याच्या लेखी किरकोळ नसते.

आणि ही कमाई सरळ पगारासारखी येत नाही. फेरीचे पैसे, अंतराचे पैसे, ठरलेल्या संख्येइतक्या ऑर्डरी झाल्या तर इन्सेंटिव्ह, अशी ती जोडून बनते. हॉटेलात वीस मिनिटं गेली की संध्याकाळच्या गर्दीतली एखादी ऑर्डर हुकते आणि कधी त्या एका ऑर्डरीपायी इन्सेंटिव्हही हुकतो. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर. पंक्चर झालं, मोबाइलची बॅटरी उतरली, तर तो खर्च त्याचाच.

बिलातली कुठली रक्कम त्याच्यापर्यंत जाते?

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. ‘डिलिव्हरी चार्ज घेतलाच आहे की, वर टिप कशाला?’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. बिलातल्या ओळी एकेक करून वाचा. पॅकिंगचे पैसे हॉटेलचे. प्लॅटफॉर्म फी कंपनीची. ही फी २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली आणि बघता बघता दोन आकडी झाली. जीएसटी सरकारचा. डिलिव्हरी चार्ज तुमच्याकडून कंपनी घेते आणि रायडरला ती आपल्या दराने पैसे देते; या दोन रकमा एक नाहीत. मेंबरशिप घेतली असेल तर तुम्हाला डिलिव्हरी फुकट पडते, पण फेरी तेवढीच असते. पावसाळी संध्याकाळी लागणाऱ्या जादा आकारातला किती वाटा रायडरला जातो, हे बिलावर लिहिलेलं नसतं. झोमॅटोच्या ‘फीडिंग इंडिया’ या सेवाभावी संस्थेसाठीची देणगी तर पूर्णच वेगळी, तिचा रायडरशी संबंध नाही. त्याच्या नावाने असलेली ओळ एकच, टिपची.

अ‍ॅपमधून, रोख की यूपीआय?

अ‍ॅपमधून टिप देणं सगळ्यात सोपं. सुट्टे शोधावे लागत नाहीत, समोरासमोर अवघडायला होत नाही, पार्सल गेटवर ठेवायला सांगितलं असलं तरी पैसे पोचतात. टिप पूर्णच्या पूर्ण रायडरला जाते असं कंपन्या सांगतात. तरी हा भरवसा जगात सगळीकडे आपोआप मिळालेला नाही. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने स्वतःच्या गाडीने पार्सलं पोचवणाऱ्या आपल्या ‘फ्लेक्स’ चालकांच्या टिपचे पैसे त्यांना पूर्ण दिले नाहीत, म्हणून ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये ६ कोटी १७ लाख डॉलर कंपनीकडून वसूल केले. आपल्याकडे रायडरला स्वतःच्या अ‍ॅपमध्ये टिप दिसते. शंका असेल तर त्यालाच विचारावं: ‘दादा, मागच्या वेळची टिप जमा होते ना तुमच्याकडे?’ तो मोकळेपणाने सांगतो.

रोख टिपचं बळ असं की ती त्याच क्षणी खिशात जाते आणि पुढच्या पंपावर पेट्रोल म्हणून वापरता येते. मधे कुणी नाही. पण ती हाताला हात लागून दिली जाते, म्हणून कशी देतो यालाही महत्त्व येतं. पावसाळ्यातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. गेटवर वॉचमनने नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर लिहून घेतलाय, पाहुण्यांची लिफ्ट सोडून सामानाची लिफ्ट घ्यायला लावलीय. रायडर दाराशी येतो तेव्हा रेनकोटातून पाणी ठिबकत असतं, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, आणि पायपुसणं ओलं होऊ नये म्हणून तो एक पाऊल मागे उभा राहून हात लांब करून पिशवी देतो. अशा वेळी दार अर्धवट उघडून, पर्स शोधत, ‘थांबा हं जरा’ म्हणत तीन मिनिटं त्याला उभं करून दहाची नोट देण्यात अर्थ नाही. त्याची तीन मिनिटं दहा रुपयांपेक्षा महाग असू शकतात. रोख द्यायची तर नोटा दाराजवळ एका डबीत आधीच काढून ठेवाव्यात. पिशवी घेताना ‘हे तुमच्यासाठी’ म्हणून हातात द्याव्यात आणि त्याला सोडावं.

यूपीआय मधला मार्ग दिसतो, पण दारात तो कूर्मगतीने चालतो. क्यूआर उघडा, नेटवर्क येऊ दे, नाव बरोबर आहे का पाहा, यात त्याचा वेळ जातो. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर असेल आणि तो क्यूआर दाखवणारच असेल, तर आधी खात्री करा की तो कोड कुणाचा आहे. कंपनीच्या कोडवर बिलाचीच रक्कम घेतली जाते, टिप त्याच्या स्वतःच्या कोडवर वेगळी द्यावी लागते.

माझा कौल असा: रोजच्या ऑर्डरीला अ‍ॅप, आणि पाऊस, रात्र, जिने असं काही खास असेल तर वर रोख.

आधी की नंतर?

ऑर्डर टाकतानाच टिप दिली की विसरायला होत नाही, एवढाच तिचा फायदा. नंतर दिली तर काय घडलं ते पाहून देता येते. मला नंतरची बरी वाटते, पण ज्यांना पार्सल उघडताच जग विसरायला होतं त्यांनी आधीच द्यावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून वेगळा सल्ला मिळेल, आणि तो त्यांच्या गावी बरोबरच आहे. तिथे १५ ते २० टक्के हा रूढ आकडा आहे आणि डोअरडॅशसारख्या अ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची की नाही हे चालक ठरवतो तेव्हा टिप धरून अंदाजे किती मिळणार ते त्याला दिसतं. टिप शून्य असली की ऑर्डर एकाकडून दुसऱ्याकडे टोलवली जाते आणि जेवण गार होतं. म्हणजे तिथे आधीची टिप ही जवळपास बोलीच असते. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २०२३ पासून डिलिव्हरी करणाऱ्यांना तासाला किमान मोबदला लागू केला, तेव्हा मोठ्या अ‍ॅपनी टिपचा पर्याय पैसे भरून झाल्यानंतरच्या पानावर ढकलला. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या भाच्याने पुण्यात वीस टक्क्यांचा आग्रह धरला तर त्याला जरूर देऊ द्यावं, पण आपण तो नियम मानायचं कारण नाही. इथे टिप न देताही ऑर्डर येते.

कोण घेऊन आलंय?

अ‍ॅपच्या रायडरची गाडी, पेट्रोल, मोबाइल सगळं स्वतःचं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला मुलगा पगारी असतो, चालत किंवा सायकलवर येतो, आणि पुष्कळदा पलीकडच्या दोन इमारतींतली पार्सलंही त्याच खेपेत घेतो. त्याला अ‍ॅपमधून काही मिळायचा मार्गच नाही, म्हणून त्याच्यासाठी रोख दहा-वीस ठेवावेत. फोनवरून ऑर्डर देणारे आपण नेमके त्यालाच विसरतो.

दहा मिनिटांत किराणा आणणाऱ्यांचं अंतर कमी, पण वजन जास्त. कोथिंबीर आणि ब्रेडला टिप दिली नाही तरी चालेल. दहा किलो कणीक आणि तेलाचे कॅन तिसऱ्या मजल्यावर चढवून आणले तर ३० रुपये द्यायला हवेत.

मुंबईचे डबेवाले आणि महिन्याचा डबा देणाऱ्या ताई यांची गोष्ट निराळी. तिथे रोज टिप देत नाहीत. डबेवाल्यांना दिवाळीला एका महिन्याचे पैसे बोनस म्हणून द्यायची जुनी रीत आहे, आणि ओळखीच्या माणसाशी ती जास्त शोभते. अ‍ॅपवर रोज नवा माणूस येतो, त्याला दिवाळीपर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

तर आकडे

मुंबई-पुण्यासारख्या शहरात साध्या ऑर्डरीला २० रुपये मूळ धरावेत. पाच किलोमीटरच्या वर अंतर असेल तर ३०. लिफ्ट नसताना तिसरा-चौथा मजला असेल तर आणखी १० ते २०. मुसळधार पाऊस, रात्री अकरानंतर, किंवा गणपतीत रस्ते बंद असताना ५०. एकतीस डिसेंबरच्या रात्री, दिवाळीच्या दिवशी, क्रिकेटच्या अंतिम सामन्याला ५० ते १००, कारण आपण घरी बसून जे साजरं करतो आहोत ते सोडून तो आलेला असतो. चार-पाच पिशव्यांच्या मोठ्या ऑर्डरीला १००. लहान गावात अंतरं कमी आणि रस्ते मोकळे असतील तर मूळ आकडा १० धरला तरी चालेल.

महिन्याला आठ ऑर्डरी आणि सरासरी ३० धरले तर २४० रुपये होतात, म्हणजे वरच्या मिसळीच्या एका ऑर्डरीएवढे. ज्यांना हेही जड जातं, म्हणजे वसतिगृहातली मुलं किंवा नोकरीच्या शोधात शहरात आलेले, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. लोकेशनचा पिन बरोबर लावा, फोन पहिल्या रिंगला उचला, जमलं तर खाली उतरून गेटवर पार्सल घ्या. वाचलेली पाच-सात मिनिटं त्याच्यासाठी पैशांसारखीच असतात.

‘पगार कंपनीने द्यावा, आम्ही का?’

हा आक्षेप मला रास्त वाटतो. टिपच्या भरवशावर मजुरी कमी ठेवणं चूकच आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस, २५ आणि ३१ तारखेला, देशभरातल्या डिलिव्हरी कामगारांनी संप पुकारला तो मोबदला आणि सुरक्षिततेसाठी. टिप वाढवा ही त्यांची मागणी नव्हती. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत घालायची तरतूद आहे. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून जो आवाज उठवतो, त्याच्या बाजूने उभं राहावं. पण हे तत्त्व सांगत आज रात्रीचे वीस रुपये वाचवणं मला पटत नाही. त्याने कंपनीचं काही बिघडत नाही, फक्त पावसात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

उशीर झाला, रस्सा सांडला, तर?

टिप कापायच्या आधी चूक कुणाची ते पाहा. अ‍ॅपमध्ये ऑर्डर ‘तयार होत आहे’ असं अर्धा तास दिसत होतं, तर उशीर हॉटेलचा. सील केलेल्या पिशवीत चपात्या कमी निघाल्या, चटणी आलीच नाही, तिखट जास्त झालं, यातलं काहीच रायडरच्या हातात नाही. पिशवी उघडायची त्याला मुभाच नसते. पिशवी वेडीवाकडी आणली, उर्मट बोलला, वर न येताच ऑर्डर पोचली असं दाखवलं, तर टिप देऊ नये आणि तक्रार जरूर करावी. बाकी वेळी फोटो काढून अ‍ॅपमध्ये पैसे परत मागावेत, आणि त्याची टिप ठरली होती तेवढीच द्यावी.