लिंबूटिंबू समोर असताना पैसे कशावर लावायचे?

2022 च्या कतार फुटबॉल विश्वचषकात 21 ते 23 नोव्हेंबर या तीन दिवसांत कागदावर एकतर्फी दिसणारे सामने ओळीने आले. इंग्लंडने इराणला 6-2, फ्रान्सने ऑस्ट्रेलियाला 4-1 आणि स्पेनने कोस्टा रिकाला 7-0 ने लोळवलं. त्याच तीन दिवसांत सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला आणि जपानने जर्मनीला 2-1 ने धूळ चारली. असा सामना समोर आला की सट्ट्याचे कोणते प्रकार कसे वागतात, हे तपासायला हे पाच निकाल पुरेसे आहेत.

आधी एक खुलासा. भारतात ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे आणि सट्टा त्यातच मोडतो. त्यामुळे पुढचा हिशेब लंडन-मँचेस्टरसारख्या ठिकाणी, जिथे परवानाधारक बुकी आहेत, तिथे राहणाऱ्यांसाठी.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे बलाढ्य संघाच्या थेट विजयावर पैसे लावणं. समजा भाव 1.15 आहे. 100 पौंड लावले तर जिंकल्यावर हातात 115, म्हणजे नफा 15. सहा वेळा बरोबर ठरलात तर 90 पौंड कमावले, सातव्या वेळी फसलात की ते गेले आणि वर खिशातले 10. नुसतं ना नफा ना तोटा राहायचं तरी शंभरातले 87 सामने जिंकावे लागतात. अर्जेंटिना त्या दिवशी सलग 36 सामने अपराजित राहून उतरली होती आणि दहाव्या मिनिटाला मेस्सीच्या पेनल्टीवर पुढेही गेली होती. एवढं सगळं बाजूने असून निकाल उलटा लागला. माझ्या मते हा कोहळा देऊन आवळा मागण्याचा प्रकार आहे, आणि नवखा माणूस नेमका इथूनच सुरुवात करतो.

भाव वाढवून हवा असेल तर हँडिकॅप. इथे बुकी बलाढ्य संघाच्या खात्यातून आधीच काही गोल वजा करतो. खरी गंमत आणि खरा त्रास याच प्रकारात आहे. इंग्लंड उणे 4.5 घेतलेल्या माणसाचं काय झालं बघा. नव्वदाव्या मिनिटाला ग्रीलिशने गोल केला, 6-1, फरक पाचचा, पैसे आले म्हणायचे. मग भरपाई वेळेच्या तेराव्या मिनिटाला इराणला पेनल्टी मिळाली. तारेमीने ती मारली, फरक चारवर आला आणि पैज बुडाली. इंग्लंडच्या खेळाडूंना त्या गोलाचं फारसं सुतक असण्याचं कारणच नव्हतं. तीन गुण कधीच खिशात पडले होते. संघ जिंकण्यासाठी खेळतो, तुमचा हँडिकॅप भरून काढण्यासाठी नाही. मोठी आघाडी मिळाली की प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बाहेर काढून विश्रांती देतो, तेव्हा तुमच्या पैशांचा विचार कोणी करत नसतो.

म्हणून हँडिकॅप घ्यायचाच तर अर्ध्या आकड्यापेक्षा पूर्ण आकडा बरा. फ्रान्स उणे 3 असा एशियन हँडिकॅप (फरक नेमका तेवढाच निघाला की पैसे परत देणारा) असता तर 4-1 ला पैसे जसेच्या तसे परत मिळाले असते. उणे 3.5 ला गेले असते, उणे 2.5 ला जिंकले असते, पण तिथे भावही कमी मिळतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे लिंबूटिंबू संघाला अधिक गोल देऊन घेणं. सौदी अधिक 2.5 घेणाऱ्याला सौदी जिंकण्याची गरजच नव्हती, दोन गोलांनी हरले असते तरी चाललं असतं. मला हा पर्याय थेट ‘सौदी जिंकणार’ यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो, कारण विसास एक, तीसास एक अशा लांब भावांतच बुकी आपला वाटा जास्त कापतो ही सट्टाबाजाराची जुनी खोड आहे. अर्थात कोस्टा रिका अधिक 2.5 घेतलेल्यांचे सात गोलांत बारा वाजले. (हाच कोस्टा रिका चार दिवसांनी जपानला 1-0 ने हरवून बसला. जर्मनीला हरवणाऱ्या जपानला!)

एकूण गोलांवरचा सट्टा, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून गोल ठरलेल्या आकड्याच्या वर जातील की खाली राहतील, लोक उगाच दुय्यम मानतात. वरच्या पाचही सामन्यांत अडीचच्या वर गोल झाले, बलाढ्य संघ हरले त्या दोन्ही सामन्यांतसुद्धा. शिवाय इंग्लंडवाल्याला बुडवणारा तारेमीचा गोल इथे तुमच्याच पारड्यात पडतो. पण बुकी दूधखुळा नाही. सामना एकतर्फी दिसला की तो अडीचला किरकोळ भाव देतो आणि साडेतीनची रेषा पुढे करतो, तिथे पाचातले तीनच तरले असते. आणि त्याच 22 तारखेला डेन्मार्क-ट्युनिशिया 0-0 सुटला, हेही ध्यानात असू द्या.

नेमका स्कोअर ओळखण्याला माझ्या लेखी लॉटरीपेक्षा जास्त किंमत नाही. चार बलाढ्य संघांचे विजय एकत्र बांधून भाव वाढवणं त्याहून वाईट, कारण बुकीचा वाटाही चारदा कापला जातो. शिवाय त्या आठवड्यात अर्जेंटिना किंवा जर्मनी यांपैकी एक जरी त्या चारांत असता, तरी अख्खी पैज गेली असती.

गटातला तिसरा सामना असेल तर बलाढ्य संघाच्या वाटेलाच जाऊ नका. 30 नोव्हेंबरला आधीच पुढे गेलेल्या फ्रान्सने संघात नऊ बदल केले आणि ट्युनिशियाने 1-0 ने जिंकलं. 2024 च्या युरोत जॉर्जियाने पोर्तुगालला 2-0 ने हरवलं तेही असंच, पोर्तुगालची जागा आधीच पक्की होती.

बाद फेरीत मात्र प्रकार बदलतो. थेट निकालाची पैज 90 मिनिटं आणि भरपाई वेळेवर मिटते, जादा वेळ त्यात धरत नाहीत. 6 डिसेंबरला स्पेन-मोरोक्को 0-0 राहिला तेव्हा ‘स्पेन जिंकणार’ आणि ‘मोरोक्को जिंकणार’ या दोन्ही पैजा बुडाल्या, बरोबरीवाल्याला पैसे मिळाले. नंतर मोरोक्कोने पेनल्टी शूटआउट 3-0 ने मारला, त्याचा फायदा फक्त ‘मोरोक्को पुढे जाणार’ असं लिहून घेतलेल्यांना झाला. भाव थोडा कमी असतो, पण बाद फेरीत लिंबूटिंबूवर लावायचंच असेल तर मी हाच घेईन.