रेंजसाठी फोन: बटणांचा, मधला की महागडा?

"जुन्या बटणांच्या फोनला रेंज यायची तशी नव्याला येत नाही," असं म्हणणारे अगदीच चुकीचे नसतात. ९०० मेगाहर्ट्झवरचा २जी फोन टॉवरला साद घालताना झटक्या-झटक्याने २ वॅटपर्यंत जोर लावायचा; ४जी फोनची नेहमीची मर्यादा ०.२ वॅट आहे. पण म्हणून आज रेंजसाठी बटणांचा फोन घ्यायला धावू नका. फक्त २जीवर चालणारा फोन तर नकोच, कारण अनेक देशांत ती नेटवर्कं बंद झाली आहेत किंवा होत आहेत. आणि ४जीचा बटणांचा फोन घेतलात तर ०.२ वॅटची मर्यादा त्यालाही आहेच. वर त्यात बँड (म्हणजे लहरींचे ठराविक पट्टे) बहुधा मोजकेच असतात आणि वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून कॉल करण्याची सोय, क्वचितच. बॅटरी दोन-चार दिवस पुरते, बटणं बोटांना कळतात, एवढंच हवं असेल तर मात्र खुशाल घ्या.

सगळी मेख बँडमध्ये आहे. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २६०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झवर वेग भरपूर, पण दोन भिंती आड आल्या की दम संपतो. त्यामुळे खोक्यावरच्या '५जी' या अक्षरांवरून रेंजबद्दल काहीच कळत नाही. आपली सिमची कंपनी आपल्या भागात कोणता खालचा बँड वापरते ते आधी विचारा आणि तोच बँड फोनच्या माहितीपत्रकात शोधा. तेही नावावरून नको, मॉडेल नंबरवरून. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे बँड घेऊन विकला जातो. परदेशातून आणलेला फोन घरच्या नेटवर्कवर अडखळतो तो बऱ्याचदा यामुळेच.

मधल्या किमतीचे फोन इथे बाजी मारतात. गरजेचे बँड असतात, व्हीओएलटीई (४जीवरूनच बोलण्याची सोय) असतं, आणि पुष्कळांत वाय-फाय कॉलिंगही. ज्यांच्या घरात वाय-फाय आहे पण रेंज नाही, त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा ही एक सोय लाखमोलाची. मात्र नुसतं फोनमध्ये असून भागत नाही, सिमच्या कंपनीने त्या मॉडेलवर ती सुरू केलेली असावी लागते. दोन सिम वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसरं सिम 'संपर्कक्षेत्राबाहेर' जातं.

महागड्या फोनमध्ये बँड जास्त आणि अँटेनाही जास्त, त्यामुळे कडेच्या रेंजमध्ये थोडा फायदा होतो. २०२२च्या आयफोन १४पासून काही देशांत टॉवर नसतानाही उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवता येतो; डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांना त्याचं मोल कळेल. बाकीच्यांचे जादा पैसे मुख्यतः कॅमेरा आणि पडद्यावर जातात. किंमत म्हणजे रेंजची हमी नव्हे. २०१०मध्ये आलेला आयफोन ४ डाव्या खालच्या कोपऱ्याला धरला की सिग्नल घसरायचा, कारण अँटेना बाहेरच्या पट्टीतच होती.

पडद्यावरच्या सिग्नलच्या दांड्या मोजून तुलना करू नका. आम्ही एकाच कंपनीची सिमं घातलेले दोन फोन टेबलावर शेजारी ठेवले. एकावर चार दांड्या, दुसऱ्यावर दोन. सेटिंग्जमध्ये सिमच्या स्टेटसखाली पाहिलं तर दोन्हीकडे उणे १०४ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) आसपास! किती सिग्नलला किती दांड्या हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. ४जीला उणे ८५ म्हणजे छान, उणे ११५च्या खाली गेलं की बोलणं तुटायला लागतं. आणि दर १०च्या फरकाला ताकद दहापट बदलते.

माझा कौल मधल्याला, पण बँड आणि वाय-फाय कॉलिंग तपासल्यावरच. परत करायची मुदत असेल तर पहिल्याच दिवशी जाड कव्हर काढा, आपलं सिम घाला आणि घरात जिथे कॉल हमखास तुटतो त्याच कोपऱ्यात उभं राहून पाच मिनिटं बोला. मग वाय-फाय बंद करून पुन्हा.