आत्याची यादी आणि दोन खडे बाजार

गेल्या श्रावणात पुण्याहून आत्याने मला पाच जिन्नसांची यादी पाठवली: कुंदा, करदंट, मांडे, बेळगाव बासमती आणि मिळालीच तर अळंबी. आत्याचे माहेर बेळगावाशेजारच्या शहापूरचे. लग्न होऊन ती पुण्याला गेली त्याला पन्नास वर्षे होत आली, पण तिची जीभ अजून शहापूरच्या वेशीबाहेर पडलेली नाही. यादीखाली तिने लिहिले होते, "नुसता माल पाठवू नकोस. कुठे मिळाला, कसा मिळाला आणि पुन्हा तिथे जावे की नाही, हेही कळव." हा मजकूर मूळचा तिच्यासाठी लिहिलेला आहे; बेळगावात नव्याने राहायला आलेल्यांना आणि सुट्टीत येणाऱ्या माहेरवाशिणींना उपयोगी पडावा म्हणून तो थोडा नीटनेटका करून येथे देत आहे.

सुरुवात फोनवरच्या नकाशापासून केली आणि तिथेच पहिली ठेच लागली. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले असले, तरी दुकानांच्या नोंदी कुठे बेळगाव, कुठे बेळगावी, तर कुठे इंग्रजी वळणाने बेलगाम अशा आहेत. त्यामुळे एकाच नावाने शोध घेतला, तर बरीच दुकाने दिसतच नाहीत. पाट्यांवर कन्नड अक्षरे मोठी असतात. ज्यांना ती वाचता येत नाहीत, त्यांनी पाटीवर विसंबण्यापेक्षा शेजारच्या देवळाची किंवा बोळाच्या तोंडाची खूण धरावी. त्यातून खडे बाजार दोन आहेत, एक बेळगावातला आणि एक शहापुरातला. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानाचे गाव होते, त्याची पेठ वेगळी, त्याचा बाजार वेगळा. आज दोन्ही गावे एकमेकांत मिसळून गेली, बाजारांची नावे मात्र तशीच राहिली. नकाशाने मला भर पावसात चुकीच्या खडे बाजारात नेऊन उभे केले, आणि ज्या रिक्षावाल्याने तिथे सोडले त्यानेच हसत हसत परत योग्य ठिकाणी आणले. भाडे अर्थात दोन्ही वेळचे घेतले.

कुंदा ही यादीतली सर्वांत सोपी वस्तू. कॅम्प भागातल्या पुरोहित मिठाईवाल्यांचे नाव कुंद्याशी इतके जोडले गेले आहे की बाहेरगावचा माणूस थेट तिथलाच पत्ता विचारतो, आणि त्यात काही वावगे नाही. दूध, खवा आणि साखर आटवत आटवत रंग तपकिरी होईपर्यंत हलवत राहायचे, एवढीच कुंद्याची कृती. कोणी हलवाई चुलीवरचे दूध विसरला आणि त्यातून कुंदा झाला, अशी गोष्ट गावात सांगतात. मला ती पटत नाही. कढईसमोर उभे राहून ज्याने कुंदा होताना पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की विसरले तर दूध करपते. हात थांबला नाही तरच तो रवाळ कण आणि तो खमंग वास येतो. घेताना एवढेच पाहावे की चिमूटभर कुंदा बोटांत दाबल्यावर कण लागतात आणि बोटांना तूप सुटते. बसस्थानकाच्या बाजूला घाईत एका दुकानातून घेतलेला कुंदा रंगाने झकास होता, पण बोटांत दाबल्यावर नुसता चिकट लागला आणि तोंडात साखरेपलीकडे काही उरले नाही. त्या दुकानात मी चौकशी केली होती की आजचा आहे का. "ताजाच आहे," असे उत्तर इतके चटकन आले की तेव्हाच सावध व्हायला हवे होते. याउलट दुसऱ्या एका दुकानात संध्याकाळी गेले, तर गल्ल्यावरच्या आजोबांनी स्वतःहून सांगितले, "आज सकाळचा संपला बघा, हा कालचा आहे, उद्या दहाला या की." आत्याला मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला आहे.

करदंटाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. तो गोकाकचा, आणि कन्नडमध्ये नावाचा अर्थच तळलेला डिंक असा आहे. गूळ, खोबरे, खारीक, काजू-बदाम आणि तुपात फुलवलेला डिंक यांची ही वडी टिकते चांगली, प्रवासात मोडत नाही आणि बेळगावात हवी तेव्हा मिळते. तेवढ्यासाठी गोकाकला जायची गरज नाही. जायचेच असेल तर पावसाळ्यात धबधबा पाहायला जावे आणि येताना करदंट आणावा.

मांड्यांसाठी मात्र मला तीन महिने थांबावे लागले. मिठाईच्या दुकानांत बांधून ठेवलेले मांडे मिळतात, पण आत्याला घरगुती भट्टीवरचे हवे होते. श्रावणात मी वडगावातल्या एका घरी विचारायला गेले, तेव्हा तिथल्या काकूंनी दारातूनच सांगितले, "आता कुठलं ओ? चातुर्मासात लग्नं न्हाईत, भट्टी कुणासाठी लावू? तुळशीचं लगीन होऊ दे, मग या." मांडे हा आमच्याकडे लग्नाचा, रुखवताचा पदार्थ, मुहूर्त नसतील तेव्हा भट्टी पेटवणे परवडत नाही, हे त्यामागचे सरळ गणित आहे. तुळशीच्या लग्नानंतर आठ दिवसांनी गेले, तेव्हा पंचवीस मांड्यांच्या खाली घेणार नाही या अटीवर त्यांनी तारीख दिली आणि पाहायला बसू दिले.

मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली कधीची मुरत ठेवलेली होती. तिची पारी करून आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा आणि तूप यांचे सारण भरले जाई, पोळपाटावर ती जेवढी पसरेल तेवढी लाटली जाई, आणि तिथून पुढे लाटण्याचे काम संपून हातांचे काम सुरू होई. काकू ती पोळी दोन्ही मुठींवर आणि मनगटांवर घेऊन अशी फिरवत की दर फेऱ्याला ती वाढत जाई. शेवटी तिच्यातून पलीकडच्या खिडकीचे गज दिसू लागले. मग पालथ्या घातलेल्या तापल्या कढईवर ती अलगद पडली. काकूंच्या हातावरचे केस कोपरापर्यंत जळालेले होते आणि त्यांना त्याचे काहीही वाटत नव्हते. मी मनात तीस मोजायच्या आत मांडा भाजून झाला, आणि मऊ आहे तोवर त्याची चौकोनी घडी घातली गेली. घडी घालायला एक क्षण उशीर झाला की तो कुरकुरीत होतो आणि मोडतो. असे मोडलेले दोन मांडे माझ्या ताटात आले, त्यांचे पैसे त्यांनी धरले नाहीत. साखर दाताखाली कळत नव्हती, फक्त तूप आणि खसखस जाणवत होती. पत्र्याच्या डब्यात कागद घालून पाठवलेल्या पंचवीस मांड्यांपैकी सात पुण्याला पोचेपर्यंत मोडले. आत्याने ते दुधात कुस्करून खाल्ले आणि फोनवर सांगितले की आपण लहानपणीही तसेच खात होतो, तेव्हा नुकसान काही झालेले नाही. किंमत दुकानापेक्षा जास्त पडली. माझ्या मते ती योग्य आहे.

त्या दिवशी परतताना दुपारी बाजारपेठेजवळच्या एका शाकाहारी खानावळीत जेवले. ती यादीत नव्हती, तरी तिच्याविषयी लिहितेच. दर्शनी भाग एवढा अरुंद की दोनदा पुढे निघून गेले. आत सहा मेजे आणि मागे भाकऱ्या थापण्याचा आवाज. वाढणाऱ्या बाईंनी विचारले, "बिसी पायजे का खडक?" म्हणजे तव्यावरची गरम भाकरी हवी की वाळवलेली कडक. मी दोन्ही मागवल्या. भरले वांगे, मोडाची मटकी, शेंगाची चटणी, दही आणि कच्चा कांदा एवढे ताट होते. वांग्याच्या रश्शाला तीळ आणि दाण्याच्या कुटाचा दाटपणा होता, आणि खडक भाकरी त्यात मोडून दोन मिनिटे ठेवली की तिचा खरा उपयोग कळत होता. भात मागितला तर चेहरा किंचित उतरला, आणि आला तेव्हा त्याचे कारण समजले: भाताकडे तिथे कोणी मनापासून लक्ष देत नाही. दीडच्या पुढे गेल्यास वांगे संपलेले असते. मांसाहार करणाऱ्यांना बिर्याणीसाठी नियाज हॉटेल ठाऊक असतेच. ज्यांना तिखट सोसते त्यांनी एखादी सावजी खानावळ करून पाहावी, मात्र पहिल्या दिवशी रस्सा दुसऱ्यांदा मागू नये.

अळंबी पुण्याला पाठवता येत नाही, हे मी आत्याला आधीच सांगितले होते. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडच्या रानातून बायका पानांच्या दुरडीत ती घेऊन येतात, वाटे लावून बसतात आणि पाऊस कमी असेल तर येतच नाहीत. वारुळावर उगवणारी ही अळंबी कळी असतानाच घ्यावी, छत्री उघडली की चव उतरते, आणि त्याच दिवशी शिजवावी. रानातली ओळख ज्यांच्या घरात चालत आलेली आहे त्यांच्याकडूनच ती घ्यावी, आपण जाऊन वेचू नये. मला ती तिसऱ्या खेपेला, सकाळी साडेसातला मिळाली. कांदा-खोबरे घालून केलेल्या रश्शाचा फोटो आत्याला पाठवला, त्यावर तिने दोन दिवस उत्तर दिले नाही.

राहिला तांदूळ, आणि इथे मी चांगलीच फसले. बेळगाव बासमती हा शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या भागातल्या शिवारांत पिकणारा सुवासिक तांदूळ. उत्तरेकडच्या बासमतीसारखा लांबलचक नव्हे, दाणा आखूड, पण शिजायला लागला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. शहर त्याच शेतांवर वाढत गेल्याने तो आता कमी होतो, आणि जे कमी होते त्याच्या नावाची पोती मात्र भरपूर दिसतात. एका दुकानातून नाव छापलेली पाच किलोची पिशवी घेतली. दुकानदाराने मूठभर तांदूळ हातावर देऊन वास घ्यायला लावला. वास होताही, पण तो पिशवीच्या वरच्या थरालाच होता की काय, कोण जाणे. घरी शिजवल्यावर काहीच आले नाही. तरी मी त्यातला दोन किलो आत्याला पाठवला, ही माझी चूक. तिसऱ्या दिवशी फोन आला: "हा भात बेळगावचा नव्हे. पिशवी बेळगावची असेल."

त्यानंतर खानावळीतल्याच एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याकडे गेले. घरापुरता ठेवून उरेल तेवढाच ते विकतात. नवा तांदूळ चिकट होतो, निदान चार-सहा महिने मुरू द्यावा, असे म्हणून त्यांनी मला जुन्यातला एक किलो नमुन्यादाखल दिला आणि पैसे घेतले नाहीत. तो आत्याने शिजवला. या वेळी फोन भात उतरायच्या आधीच आला, मागे कुकरची शिटी ऐकू येत होती. शेतकऱ्यांच्या वहीत आता माझ्या नावापुढे दहा किलो लिहिलेले आहेत, माझ्या आधी चार नावे आहेत, आणि उरला तरच मिळेल, असे त्यांनी बजावले आहे.