‘खरी सबमिसिव्ह नकार देत नाही’ म्हणणाऱ्यांविषयी

डॉम-सब नात्यात, म्हणजे दोघांच्या संमतीने एक जण (डॉम) हुकूम देतो आणि दुसरा (सबमिसिव्ह किंवा सब) ते मानतो अशा नात्यात, आधी बोलणी होतात. काय चालेल, काय अजिबात नाही, सेफवर्ड (जो उच्चारताच सगळं थांबवायचं तो शब्द) कोणता, नंतर एकमेकांची काळजी कशी घ्यायची. समोरच्याची पारख इथेच करायची, कारण अजून आपण त्याला कसलाच अधिकार दिलेला नसतो. मला जो भेटला त्याने बोलणी पुरी व्हायच्या आधीच हुकूम सोडायला सुरुवात केली. सर म्हण, उठल्याबरोबर मेसेज कर, झोपताना परवानगी घे.

ओळख ॲपवरची. ‘पंधरा वर्षं यात आहे’ म्हणायचा, पण त्याला ओळखणारं एकही माणूस सापडेना. मुंबई-बेंगळुरूत अशा नात्यांतल्या मंडळींच्या कॅफेत साध्या भेटी होतात, त्यांना ‘मंच’ (इंग्रजी munch) म्हणतात. चारचौघांत कॉफी प्यायची, गप्पा मारायच्या, बस. तिथेच भेटू म्हटलं, तर उत्तर आलं, ‘तिथे सगळे नाटकी लोक येतात. आणि आपल्याबद्दल तू कुणाशी बोलायचं नाहीस.’

खरी लबाडी मर्यादांच्या यादीत होती. मी लिहून दिलं होतं: गळा दाबणं नाही, फोटो नाही, तिसरा माणूस नाही. पुढे त्याने ‘करारा’ची पीडीएफ पाठवली. त्यात याच तीन गोष्टी, माझ्याच क्रमाने, ‘प्रशिक्षणाची उद्दिष्टं’ या मथळ्याखाली! सेफवर्डला जागा होती, पण तो वापरला तर शिक्षा. जाब विचारला तेव्हा ते ठरलेलं वाक्य आलं: खरी सबमिसिव्ह नकार देत नाही. गळ्याबाबत तर तडजोडच नको. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की काही सेकंदांत शुद्ध जाते, मग सेफवर्ड उच्चारणार कोण? आणि असल्या कागदावर सही केली तरी संमती कधीही मागे घेता येते. कोर्टात त्याला कवडीची किंमत नाही.

मी अडून बसले की दोनतीन दिवस अबोला, मग एकदम लाडीगोडी. अशाच एका लाडीगोडीत ‘तुझी कॉलर (सबने नात्याची खूण म्हणून घालायचा गळपट्टा) परदेशातून करून घेतोय’ म्हणून यूपीआयवर बारा हजार घेतले. कॉलर काही आली नाही. त्यानंतर ‘विश्वासाची हमी’ म्हणून चेहरा दिसेल असे फोटो हवे झाले. ते दिले नाहीत, तेव्हा धमकी आली: आणखी वीस हजार टाक, नाहीतर आपलं सगळं चॅट तुझ्या ऑफिसात पाठवीन.

पैसे पाठवले नाहीत. ब्लॉक करण्याआधी चॅट, पीडीएफ, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. बदनामीची भीती घालून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे. कुणी फोटो दिले असतील तर कलम ७७ बघा: बाईने खासगी फोटो काढू दिला, पण तो इतरांना दाखवायला संमती दिली नाही, तरी पसरवणं गुन्हाच. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत फोटो आपल्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि सहभागी साइट्स त्यावरून तो अडवतात.

पैसे अजून मिळालेले नाहीत. त्याचं नवं प्रोफाइल मात्र एका मैत्रिणीला दिसलं. नाव वेगळं, शहर वेगळं, अनुभव आता अठरा वर्षांचा. तिने बोलणी सुरू केल्यावर आलेली पीडीएफ तीच, ‘प्रशिक्षणाची उद्दिष्टं’ या मथळ्यासकट.